सुएझ, 1956 : जिंकता जिंकता थांबलेली फौज

6 नोव्हेंबर 1956 च्या रात्री ब्रिटिश आणि फ्रेंच फौजेची आघाडी सुएझ कालव्याच्या काठाने दक्षिणेकडे सरकत होती. मध्यरात्री युद्धबंदी लागू होणार होती. त्याआधी पदरात पडेल तेवढा मुलूख पाडून घ्यावा, असा हिशेब होता. एल कॅप नावाच्या लहानशा ठाण्यापाशी ती थांबली. पोर्ट सैद सुमारे 37 किलोमीटर मागे राहिलं होतं आणि कालव्याचं दुसरं टोक अजून सव्वाशे किलोमीटर पुढे होतं. वाटेत तिला रोखू शकेल अशी मोठी इजिप्शियन फौज नव्हती. इजिप्तची बहुतेक लढाऊ विमानं आठवड्याभरापूर्वी जमिनीवरच जळाली होती. समुद्रावर विमानवाहू नौका उभ्या होत्या आणि आकाश पूर्णपणे आक्रमकांच्या ताब्यात होतं. ब्रिटनचे मेलेले सैनिक वीसच्या आसपास होते. लष्करी इतिहासात इतक्या स्वस्तात मिळालेले विजय फार नाहीत.

तरीही ख्रिसमसच्या आत ही सगळी फौज जहाजात बसून घरी परतली. पंतप्रधान अँथनी ईडन यांचं राजकीय आयुष्य त्याबरोबरच संपलं. दोनशे वर्षं जगाच्या नकाशावर हवी तशी रेघ ओढणाऱ्या साम्राज्याला स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या मर्जीने युद्ध करता येत नाही, हे सगळ्या जगाने पाहिलं. फौज कुठेही हरली नव्हती. मग हे झालं कसं, ते पाहायचं तर रणांगणापेक्षा बँकेच्या खतावण्या, तेलाच्या नळवाहिन्या आणि न्यूयॉर्कमधलं एक सभागृह यांच्याकडे जास्त वेळ पाहावं लागतं.

कालवा 17 नोव्हेंबर 1869 रोजी खुला झाला. फर्डिनंड द लेसेप्स या फ्रेंच माणसाने तो काढवून घेतला, आणि खणला इजिप्तच्या शेतकऱ्यांनी, पहिली काही वर्षं तर चक्क वेठबिगारीवर. लंडन ते मुंबई हा सागरी प्रवास केप ऑफ गुड होपचा वळसा वाचल्यामुळे जवळजवळ चाळीस टक्क्यांनी आखूड झाला. मुंबई बंदराचं रूप पालटलं त्यात या पाण्याच्या पट्टीचा वाटा मोठा आहे. 1875 मध्ये इजिप्तचा खदीव इस्माइल कर्जात बुडाला, तेव्हा पंतप्रधान डिझरायली यांनी रोथशील्ड यांच्याकडून 40 लाख पौंड उसने घेऊन त्याचे कालवा कंपनीतले 44 टक्के भाग विकत घेतले. सात वर्षांनी ब्रिटिश फौजा इजिप्तमध्ये उतरल्या. त्यांत हिंदुस्थानातून गेलेल्या पलटणीही होत्या. मुक्काम तात्पुरता असल्याचं सांगितलं गेलं. शेवटची तुकडी बाहेर पडली ती जून 1956 मध्ये.

ती बाहेर का पडली, ही गोष्ट सुएझच्या कथेत बहुतेक वेळा दोन ओळींत उरकली जाते. माझ्या मते खरा धडा तिथेच होता, आणि तो ईडन यांनी स्वतः एकदा गिरवलाही होता.

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला कालव्याच्या पट्ट्यात ब्रिटनचे सुमारे 80 हजार सैनिक होते. जगातल्या सर्वात मोठ्या परदेशी तळांपैकी हा एक. धावपट्ट्या, दारूगोळ्याची कोठारं, दुरुस्तीचे कारखाने, इस्पितळं, धोबीघाटसुद्धा. ऑक्टोबर 1951 मध्ये इजिप्तने 1936 चा करार एकतर्फी रद्द केला, तेव्हा तळावर राबणारे हजारो इजिप्शियन मजूर काम सोडून गेले. गोदीतला हमाल गेला, स्वयंपाकी गेला, कारकून गेला. मग रात्रीबेरात्री गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या. 25 जानेवारी 1952 रोजी इस्माइलिया शहरात ब्रिटिशांनी पोलिसांच्या बराकी रणगाड्यांनी वेढल्या. पोलीस शरण येईनात. पन्नासच्या आसपास मारले गेले. दुसऱ्या दिवशी कैरो पेटलं. युरोपीय लोकांचं लाडकं शेफर्ड्स हॉटेल त्यात राख झालं. सहा महिन्यांत तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी राजा फारूकला देशाबाहेर घालवलं. त्या अधिकाऱ्यांचा म्होरक्या होता गमाल अब्दुल नासर.

म्हणजे 80 हजार सैनिक ज्याच्या रक्षणासाठी बसवले होते, त्याच्यापेक्षा ते सैनिक राखणंच अवघड होऊन बसलं. तळ शाबूत होता आणि तळाचा उपयोग संपला होता. हे ओळखून 1954 मध्ये इजिप्तशी माघारीचा करार करणारे परराष्ट्रमंत्री ईडनच होते. हुजूर पक्षातल्या साम्राज्यवादी मंडळींनी त्याबद्दल त्यांच्यावर दात खाल्ले. दोन वर्षांनी हाच माणूस, याच ठिकाणी, कितीतरी कमी सैन्य घेऊन परत निघाला.

मधल्या काळात नासर यांनी पश्चिमेच्या दृष्टीने दोन अपराध केले होते. 1955 मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या नावाने सोव्हिएत शस्त्रं घेतली आणि मे 1956 मध्ये कम्युनिस्ट चीनला मान्यता दिली. नाईलवरच्या अस्वान धरणासाठी अमेरिका 5 कोटी 60 लाख डॉलर, ब्रिटन 1 कोटी 40 लाख आणि जागतिक बँक 20 कोटींचं कर्ज देणार होती. 19 जुलै रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी हात आखडता घेतला. नासर त्या वेळी युगोस्लाव्हियात टिटो आणि नेहरूंची भेट आटोपून नेहरूंबरोबरच कैरोला परतत होते. बातमी त्यांना त्या प्रवासात कळली.

एका आठवड्याने, 26 जुलैला, अलेक्झांड्रियाच्या चौकात नासर यांचं लांबलचक भाषण झालं. त्यात ते लेसेप्स यांचं नाव पुन्हा पुन्हा घेत होते. ऐकणाऱ्यांना नवल वाटलं असेल. ते नाव हा इशारा होता. नासर यांनी या कामावर नेमलेल्या महमूद युनूस यांची माणसं रेडिओपाशी कान लावून बसली होती; इशारा ऐकताच त्यांनी कालवा कंपनीच्या कचेऱ्या आणि ठाणी ताब्यात घेतली. भाषण संपेपर्यंत काम फत्ते झालं होतं.

इथे थोडं कायद्यात शिरू. कंपनीचे भागधारक प्रामुख्याने फ्रेंच आणि ब्रिटिश असले तरी ती इजिप्तच्या कायद्याखाली नोंदलेली होती. नासर यांनी भागधारकांना पॅरिसच्या शेअर बाजारातल्या बंद भावाने भरपाई द्यायचं जाहीर केलं. कालव्याचा मक्ता 99 वर्षांचा होता, म्हणजे नोव्हेंबर 1968 मध्ये तो आपसूकच संपणार होता. वाद बारा वर्षांचा होता. पण पश्चिम युरोपला लागणाऱ्या तेलाचा फार मोठा हिस्सा या वाटेने येत होता, आणि नासरच्या हाती आपला गळा गेला, ही भावना ईडन यांच्या मनात घट्ट बसली. हिटलर-मुसोलिनीपुढे मान तुकवणाऱ्या सरकारातून 1938 मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडलेला हा माणूस. त्याला प्रत्येक गणवेशातल्या पुढाऱ्यात मुसोलिनी दिसावा हे समजण्यासारखं आहे. ईडन यांची पित्ताशयाची बिघडलेली शस्त्रक्रिया, ताप आणि उत्तेजक गोळ्या यांच्यावर सगळं खापर फोडणारे लेखक पुष्कळ आहेत. मला ते फार सोपं वाटतं. फ्रान्सचे पंतप्रधान गी मोले यांची तब्येत उत्तम होती आणि तेही त्याच वाटेने गेले. अल्जीरियातल्या बंडाला कैरोतून रसद मिळते, नासर पडला की बंड विझेल, अशी त्यांची समजूत होती.

खरं तर युद्धाचं कारण सप्टेंबरच्या मध्यालाच गळून पडलं होतं. इजिप्शियनांना कालवा चालवता येणार नाही, अशी सगळ्यांची खात्री होती. अरुंद वाट, जड जहाजं, वाळूचे काठ. प्रत्येक जहाजावर वाटाड्या चढावा लागे आणि हे पायलट बहुतेक परदेशी. 14 सप्टेंबरच्या रात्री कंपनीच्या सांगण्यावरून ते कामावरून गेले. ठप्प होईल म्हणून वाट पाहिलेला कालवा ठप्प झाला नाही. राहिलेले इजिप्शियन आणि ग्रीक पायलट, नव्याने शिकवलेले, बाहेरून आलेले, अशा जमवाजमवीवर युनूस यांनी जहाजांचे तांडे नेहमीसारखे पार करून दाखवले. त्याआधी कालव्याच्या प्रश्नावर भरलेल्या लंडनच्या परिषदेत भारताचे कृष्ण मेनन यांनी इजिप्तचा मालकीहक्क मान्य करून आंतरराष्ट्रीय सल्लागार मंडळाची योजना मांडली होती. कालवा आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली ठेवण्याच्या डलेस यांच्या योजनेला 22 पैकी 18 देशांचा पाठिंबा मिळाला, मेनन यांची मागे पडली. पण चालू कालव्याकडे पाहिलं की मेनन यांच्या कागदात शहाणपण होतं असं म्हणावं लागतं.

लष्कराची तयारी मात्र सुरूच होती, आणि ती पाहताना साम्राज्याचं वय दिसतं. ऑगस्टमध्ये राखीव सैनिक घरून बोलावले गेले. इंग्लंडमधले रणगाडे बंदरापर्यंत न्यायला लष्कराकडे पुरेसे वाहक नव्हते, म्हणून पिकफर्ड्स या घरसामान हलवणाऱ्या कंपनीचे ट्रक भाड्याने घेतले. सायप्रस जवळ होतं पण तिथे मोठ्या आरमाराला पुरेल असं बंदर नव्हतं. माल्टाला बंदर होतं पण ते पोर्ट सैदपासून दीड हजार किलोमीटरहून दूर, संथ जहाजांना जवळजवळ आठवड्याचा प्रवास. आधी अलेक्झांड्रियात उतरायचं ठरलं, मग पोर्ट सैद. नौदलप्रमुख लॉर्ड माउंटबॅटन यांनी सुरुवातीपासून नापसंती कळवली होती. जुलैच्या अखेरीस झटक्यात कारवाई झाली असती तर जगाने कदाचित खांदे उडवले असते. तीन महिने उलटल्यावर निमित्त शोधायची पाळी आली.

ते पॅरिसजवळच्या सेव्रमधल्या एका बंगल्यात सापडलं. 22 ते 24 ऑक्टोबर या तीन दिवसांत इस्रायलचे बेन-गुरियन, दायान आणि पेरेस, फ्रान्सचे मोले आणि पिनो, ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सेल्विन लॉइड आणि नंतर त्यांचे अधिकारी यांनी एक नाटक लिहिलं. इस्रायलने सिनाईवर हल्ला करायचा. मग ब्रिटन-फ्रान्सने मोठ्या काळजीने दोघांना कालव्यापासून दहा-दहा मैल मागे हटायला सांगायचं. इजिप्त आपल्याच कालव्यापासून हटणार नाही हे गृहीत होतंच. त्याने नकार दिला की कालवा वाचवण्यासाठी उतरायचं. करारावर सह्या झाल्याचं कळताच ईडन यांनी प्रती नष्ट करायला माणूस पाठवला. इस्रायलने आपली प्रत जपून ठेवली.

29 ऑक्टोबरला इस्रायली छत्रीधारी सैनिक मितला खिंडीजवळ उतरले. दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे निर्वाणीचा खलिता गेला. 31 तारखेपासून ब्रिटिश बॉम्बफेक, 5 नोव्हेंबरला छत्रीधारी, 6 ला समुद्रातून चढाई आणि जहाजांवरून हेलिकॉप्टरने उतरवलेले सैनिक, हे त्या काळी अगदी नवं तंत्र होतं. पोर्ट सैदमध्ये नागरिकांना रायफली वाटल्या गेल्या होत्या. गल्ल्यांत लढाई झाली, वस्त्या जळाल्या आणि इजिप्शियन माणसं शेकड्यांनी मेली. लष्करी भाग एवढाच.

आता कालव्याचं काय झालं ते पाहू. बॉम्ब पडू लागताच इजिप्तने कालव्यात जहाजं बुडवायला सुरुवात केली. काँक्रीट आणि दगड भरलेल्या जहाजांपासून गाळ उपसणाऱ्या यंत्रनौकांपर्यंत चाळीसहून अधिक बोटी तळाला गेल्या. तीन महिने इजिप्शियनांच्या हाती सुरळीत चाललेला कालवा त्याच्या रक्षणासाठी निघालेली फौज वाटेत असतानाच बंद पडला. त्याच सुमारास सिरियात इराकी तेलाच्या नळवाहिनीवरची पंपिंग ठाणी उडवण्यात आली आणि सौदी अरेबियाने ब्रिटन-फ्रान्सला तेल देणं थांबवलं. डिसेंबरमध्ये इंग्लंडमध्ये पेट्रोल शिधापत्रिकेवर आलं. ज्या टंचाईच्या भीतीने युद्ध केलं ती टंचाई युद्धाने घरपोच आणली.

प्रचाराचीही तीच तऱ्हा. सायप्रसवरून चालणारं एक लोकप्रिय अरबी रेडिओ केंद्र ब्रिटिशांनी ताब्यात घेऊन त्यावरून इजिप्शियनांना नासरविरुद्ध उठण्याची हाक द्यायचं ठरवलं. केंद्रातल्या अरब कर्मचाऱ्यांनी काम सोडलं. कैरो रेडिओचे मनोरे बॉम्बने पाडले, तर दमास्कसच्या केंद्राने आपण कैरो बोलत असल्याची घोषणा करून प्रक्षेपण चालवलं.

न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा समितीत ब्रिटन आणि फ्रान्सने नकाराधिकार वापरला. ब्रिटनची ती पहिलीच वेळ. त्यामुळे प्रश्न आमसभेत गेला, जिथे नकाराधिकार नसतो. 2 नोव्हेंबरला युद्धबंदीचा ठराव 64 विरुद्ध 5 मतांनी मंजूर झाला. विरोधात आक्रमक तिघे आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. ठराव मांडला होता अमेरिकेने. आयझेनहॉवर यांची अध्यक्षपदाची फेरनिवडणूक 6 नोव्हेंबरला होती, आणि आपल्या दोस्तांनी आपल्यापासून लपवून हा उद्योग केला याचा त्यांना संताप आला होता. मॉस्कोहून सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन यांनी क्षेपणास्त्रांच्या धमक्या दिल्या. लंडनमध्ये त्यांची चर्चा झाली, पण सरकार हललं ते दुसऱ्याच धमकीने.

पौंडाचा भाव तेव्हा 2 डॉलर 80 सेंटला बांधलेला होता. भारतासह अनेक देशांची परकीय चलनाची गंगाजळी लंडनमध्ये पौंडांत ठेवलेली असे. हे देश लंडनचे ठेवीदार होते म्हणा ना. पौंड घसरला तर सगळ्यांचाच पैसा घटणार, म्हणून घसरण्याची नुसती कुणकुण लागली तरी जो तो पौंड विकून डॉलर घ्यायला धावणार. भाव टिकवायचा तर बँक ऑफ इंग्लंडने आपल्या साठ्यातले डॉलर देऊन ते पौंड विकत घ्यायचे. हा साठा 200 कोटी डॉलरच्या खाली जाऊ नये, असा लक्ष्मणरेषेसारखा संकेत होता. सप्टेंबरमध्ये 5 कोटी 70 लाख डॉलर गेले, ऑक्टोबरमध्ये 8 कोटी 40 लाख आणि नोव्हेंबरमध्ये तब्बल 27 कोटी 90 लाख.

उपाय होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत ब्रिटनचा मोठा हिस्सा होता, तिथून डॉलर उचलता आले असते. पण अमेरिकेच्या संमतीशिवाय ते शक्य नव्हतं आणि तिचे अर्थमंत्री हम्फ्री यांनी स्पष्ट सांगितलं की आधी युद्धबंदी, मग माघार, मग पैसे. गंमत म्हणजे फ्रान्सने ऑक्टोबरच्या मध्यालाच नाणेनिधीकडून 26 कोटी 25 लाख डॉलरची सोय करून घेतली होती. बॉम्ब टाकण्याआधी बँकेत जाऊन यावं, हे पॅरिसला सुचलं आणि शतकभर जगाची सावकारी केलेल्या लंडनला सुचलं नाही.

ब्रिटनचे अर्थमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन हे जुलैपासून युद्धाचे सर्वात कडवे समर्थक. 6 नोव्हेंबरच्या सकाळी मंत्रिमंडळात त्यांनीच सांगितलं की आठवड्यात 10 कोटी पौंड गेले, आता थांबायला हवं. पुढे कागदपत्रं उघडी झाल्यावर दिसलं की खरा आकडा त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास होता. घाबरगुंडीत चूक झाली की आकडा मुद्दाम फुगवला, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. दोन महिन्यांनी ईडन यांच्या जागी पंतप्रधान झाले ते मॅकमिलनच, एवढं इथे नोंदवून ठेवतो.

युद्धबंदीनंतरही अमेरिकेने गाठ सैल केली नाही. फौज पोर्ट सैदमध्ये बसून होती, तिच्या बदल्यात काही सवलती पदरात पडतील अशी लंडनला आशा होती. आयझेनहॉवर यांनी युरोपला तातडीने तेल पुरवण्याची योजनाही अडकवून ठेवली. ईडन तब्येतीसाठी जमैकाला, जेम्स बाँडचे लेखक इयान फ्लेमिंग यांच्या बंगल्यावर गेले होते. 3 डिसेंबरला लॉइड यांनी संसदेत माघार जाहीर केली आणि 10 डिसेंबरला नाणेनिधीने जवळजवळ 130 कोटी डॉलरची व्यवस्था मंजूर केली. 22 डिसेंबरला शेवटचा सैनिक बोटीत चढला. दोन दिवसांनी पोर्ट सैदच्या लोकांनी बंदराच्या तोंडाशी उभा असलेला लेसेप्स यांचा पुतळा सुरुंगाने उडवला. अमेरिकेचं सहावं आरमार या सगळ्या काळात पूर्व भूमध्य समुद्रात होतं. त्याला एक गोळीही झाडावी लागली नाही.

ब्रिटनमध्ये एक वर्ग असा आहे जो अजूनही म्हणतो की आणखी दोन दिवस मिळाले असते तर काम झालं असतं. लष्करीदृष्ट्या त्यांचं म्हणणं बरोबर आहे. दोन दिवसांत रणगाडे सुएझ शहरात पोचले असते. पण पुढे काय? त्यांच्या उजव्या-डाव्या हाताला बुडालेल्या जहाजांनी तुंबलेला कालवा असता. तो उपसायला मजूर इजिप्तचे, पाणी इजिप्तच्या गोड्या पाण्याच्या कालव्यातून, रेल्वे इजिप्तची. नासर जाऊन दुसरा कोणी आला असता तर परदेशी संगिनींच्या जोरावर आलेल्या त्या माणसाला कैरोत किती दिवस राज्य करता आलं असतं? सुमारे सव्वादोन कोटी लोकांच्या देशात 80 हजार सैनिकांना जो तळ धरून ठेवता आला नाही, तिथे नव्या फौजेने काय केलं असतं याचं उत्तर योजनेत नव्हतं. विजयानंतरच्या दिवसाचा विचारच झाला नव्हता. मोहिमेचे सरसेनापती जनरल कीटली यांनी आपल्या अहवालात नंतर लिहिलं की जागतिक मत हे आता युद्धशास्त्राचंच एक तत्त्व मानायला हवं. सैनिकी माणसाने हे लिहावं, यात मला मुत्सद्द्यांच्या डझनभर आठवणींपेक्षा जास्त प्रामाणिकपणा दिसतो.

याच्या उलट बाजूचं उदाहरण त्याच आठवड्यात, त्याच वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होतं, आणि ते टाळून चालणार नाही. 4 नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. सुमारे अडीच हजार हंगेरियन मारले गेले, दोन लाखांच्या आसपास देश सोडून पळाले आणि उठाव चिरडला गेला. आमसभेने तिथेही ठराव केले, कोणी विचारलं नाही. नेहरूंचा भारत सुएझवर तडक बोलला आणि हंगेरीवर चाचरला, हा डाग तेव्हाच्या टीकाकारांनी दाखवला आणि तो पुसता येत नाही. म्हणजे बळ चालत नाही असा सिद्धान्त मांडणं खोटेपणाचं होईल. मॉस्कोची फौज शेजारच्या सरहद्दीवरून जमिनीने येत होती. तिला कुणाच्या बंदराची, टँकरची किंवा डॉलरची गरज नव्हती. स्वतःच्या माणसांच्या आणि जगाच्या नाराजीची किंमत मोजायची तयारी होती. हंगेरीने करायचं होतं ते एवढंच की गप्प राहायचं. पण त्या गप्प राहण्यासाठी सोव्हिएत फौजेला तिथे जून 1991 पर्यंत बसून राहावं लागलं. इस्रायललाही 1956 मध्ये थोडं मिळालं: सिनाई अमेरिकेच्या दबावाखाली मार्च 1957 मध्ये सोडावा लागला, तरी तिरानच्या सामुद्रधुनीतून जहाजं नेण्याची वाट दहा वर्षं मोकळी झाली. हेतू जेवढा आटोपशीर तेवढं शस्त्र कामाला येतं, असं दिसतं. ब्रिटनला हवं होतं ते फारच ऐसपैस होतं. कालवा चालू, नासर गायब, अरब जगात इभ्रत, आणि अमेरिका खूश.

इभ्रतीचं काय झालं ते बगदादमध्ये कळलं. अरब जगातला ब्रिटनचा सर्वात भरवशाचा मित्र म्हणजे इराकचे नुरी अल-सईद. नासर यांनी कालवा घेतला त्या संध्याकाळी ते राजा फैसलसह ईडन यांच्याच घरी जेवायला होते. जुलै 1958 मधल्या लष्करी क्रांतीत राजा आणि नुरी दोघेही मारले गेले. नासर यांचं चित्र मात्र सुएझनंतर मोरोक्कोपासून येमेनपर्यंत घराघरांत लागलं.

आमसभेने कॅनडाचे लेस्टर पिअर्सन यांच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना उभी केली. जगाला हा प्रयोग नवा होता. तिच्यात भारताची छत्रीधारी पलटण गेली आणि भारतीय जवान 1967 पर्यंत गाझा आणि सिनाईच्या सीमेवर राहिले. कालवा संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली उपसला गेला आणि एप्रिल 1957 मध्ये खुला झाला. मे महिन्यात मॅकमिलन सरकारने आपल्या जहाजांना इजिप्तला टोल भरून जायची मुभा दिली. कंपनीच्या भागधारकांशी जागतिक बँकेच्या मध्यस्थीने 1958 मध्ये तडजोड झाली, 2 कोटी 83 लाख इजिप्शियन पौंड ठरले आणि ते हप्त्याहप्त्याने चुकते झाले. 1959 मध्ये त्याच बँकेने कालवा रुंद-खोल करायला इजिप्तला 5 कोटी 65 लाख डॉलरचं कर्ज दिलं. लंडनच्या परिषदेत मेनन जे सांगत होते, जवळपास तिथेच सगळे येऊन पोचले.

ज्या अमेरिकेने हा धडा लंडनला शिकवला तिने तो स्वतःच्या वहीत उतरवून घेतला नाही. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियात तिने दुसऱ्या महायुद्धात टाकलेल्या बॉम्बच्या दुपटीहून अधिक बॉम्ब टाकले. 1968 च्या सुरुवातीला सेनापतींनी आणखी 2 लाख 6 हजार सैनिक मागितले आणि त्याच मार्चमध्ये लंडनच्या सोनेबाजारात डॉलर देऊन सोनं घ्यायला झुंबड उडाली. बाजार बंद करावा लागला. आता पाळी डॉलरची होती. महिनाअखेरीस अध्यक्ष जॉन्सन यांनी बॉम्बफेक आवरती घेत आपण पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचं जाहीर केलं. त्याआधी दोनच महिने, पौंडाचं अवमूल्यन होऊन गेल्यावर, ब्रिटनच्या मजूर सरकारने सुएझच्या पूर्वेकडचे मोठे लष्करी तळ मोडीत काढायचं ठरवलं होतं. सिंगापूर, पर्शियन आखात. कोणी हल्ला करून घेतलं नाही, भाडं परवडेना म्हणून सोडलं.

17 नोव्हेंबर 1968. लेसेप्स यांच्या कंपनीचा मक्ता याच दिवशी संपणार होता. ईडन यांनी काहीही केलं नसतं तरी कालवा त्या दिवशी इजिप्तचा झाला असता. प्रत्यक्षात त्या दिवशी त्यातून एकही जहाज जात नव्हतं. जून 1967 च्या युद्धात इस्रायलने संपूर्ण सिनाई घेतला होता, त्याची फौज पूर्व काठावर होती, इजिप्तची पश्चिम काठावर, आणि मधल्या खाऱ्या सरोवरात चौदा परदेशी मालवाहू जहाजं दीड वर्षापासून अडकून पडली होती. कालवा आठ वर्षं बंद राहिला. 1956 साली ज्या कल्पनेने डाउनिंग स्ट्रीटला घाम फुटला होता ती पूर्णपणे खरी ठरली, आणि तरीही युरोपचा गळा आवळला गेला नाही. दोनदा पोळलेल्या तेल कंपन्यांनी जपानच्या गोद्यांतून कालव्यात मावणारच नाहीत असे दोन-दोन लाख टनांचे टँकर बांधून घेतले होते, आणि ते केपला वळसा घालून आखाताचं तेल रॉटरडॅमला नेत होते.